पोरगी तोंडाने अख्खी गोष्ट सांगते, वहीत पाच ओळीत संपते. घरी सराव कसा घ्यायचा?

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

लेक तिसरीत आहे, मराठी माध्यम, आम्ही डोंबिवलीत राहतो. बोलायला लागली की थांबत नाही. परवा मी मेथी निवडत होते तेव्हा तिने मला शेवग्याच्या शेंगेची गोष्ट सांगितली, म्हणजे शेंगेला वाटत होतं की आपण साप आहोत म्हणून ती रात्री फ्रीजचं दार बंद झालं की बाकीच्या भाज्यांना घाबरवायची, टोमॅटो घाबरून लाल झाले, कोबी स्वतःतच लपला, आणि मग एक दिवस बाबांनी पडवळ आणलं... मेथीची जुडी संपली, निवडलेली धुवून झाली तरी गोष्ट चालूच. म्हटलं अगं हे वहीत लिहून काढ ना. बसली. अर्ध्या तासाने वही आणली, त्यात हे होतं:

"एक शेंग होती. ती खूप गर्विष्ठ होती. तिला पडवळ भेटले. तिला तिची चूक कळली. तात्पर्य - गर्व करू नये."

खरं सांगते, वाचून गलबलून आलं. फ्रीज कुठे गेला, कोबी कुठे गेला?

सुट्टीत रोज एक पान कथालेखन असा नेम केला होता. मी रोज संध्याकाळी लाल पेनाने वेलांट्या सुधारून द्यायचे. पाचव्या दिवशी वही सापडेना, ती शेवटी गादीखाली मिळाली. तेव्हापासून मी सक्ती सोडली आहे पण तसंच सोडून द्यायलाही मन होत नाही. शाळेत मुद्दे देतात, लाकूडतोड्या, नदी, कुऱ्हाड, देवी, आणि त्यावर दहा ओळी. त्यात ती मार्क बरे आणते, म्हणून बाई म्हणतात काळजीचं कारण नाही. मला मार्कांचं नाही हो पडलेलं, मला तो कोबी परत हवाय. तुम्ही घरी काय करता?

सईची आई

अगदी अगदी! आमच्याकडे दुसरीतच ही कथा. प्रत्येक गोष्टीत कोणीतरी गर्विष्ठ नाहीतर आळशी असतं. वाचतेय, लिहा सगळ्यांनी.

गोदाकाठ

ताई, मुलीला गोष्ट लिहिता येत नाही हे आधी डोक्यातून काढून टाका. तिला गोष्ट येते. लिहायला अजून जड जातं एवढंच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, निफाड तालुक्यात, त्यातली बरीच वर्षं तिसरी-चौथीवर गेली, आणि निम्मी वर्षं मी स्वतः या दोन गोष्टींची गल्लत करत होतो.

आठ वर्षांचं पोर लिहायला बसतं तेव्हा काय काय सांभाळत असतं बघा. पेन्सिल, रेघ, 'गर्विष्ठ'मधला रफार कुठे द्यायचा, ष ला ठ कसा जोडायचा, वेलांटी पहिली की दुसरी, वर टोक तुटलं तर शार्पनर कुठे आहे, आणि आई वाचून काय म्हणेल. एवढं सगळं धरताना गोष्ट हातातून निसटते. मग जी वाक्यं तयार आहेत, शंभरदा वाचलेली आहेत, ती उतरवून ते मोकळं होतं. तुमच्या मुलीने लिहिलंय ते तिचं नाहीच, ते धड्याचं आहे.

व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं हे आपण लहानपणापासून ऐकतो. गणपतीची अट होती की सांगताना मध्ये थांबायचं नाही, आणि व्यासांची अट होती की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. घरी गणपती व्हा. तिने सांगायचं, तुम्ही लिहायचं. फक्त गणपतीची अट पोरांना लावू नका, ती थांबली तर थांबू द्या, पण पेन खाली ठेवू नका, पेन खाली ठेवलं की पोराला वाटतं संपलं. व्यासांची अट मात्र पूर्ण पाळा. कळलं नाही तर विचारायचं. कळलं पण पटलं नाही, तर विचारायचं नाही.

आणि ती बोलली तसंच लिहा. 'मंग' म्हणाली तर 'मंग'. मग लगेच तिला वाचून दाखवा, नीट, हळू, जसं छापलेलं पुस्तक वाचतो तसं. आपलं बोलणं कागदावर राहतं आणि परत ऐकू येतं हे कळल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, चौथीत असून एक ओळ धड लिहीत नव्हता, त्याला मी एकदा मधल्या सुट्टीत बसवलं आणि म्हटलं तू सांग मी लिहितो. घरी कांद्याची चाळ. त्याने सांगितलं ते मी अजून जपून ठेवलंय: "कांदा चाळीत झोपला होता. त्याच्या शेजारचा कांदा नासला. तो म्हणला सरक ना जरा. पण सरकायला जागाच नव्हती. मंग त्याने नाक दाबलं. पण कांद्याला नाकच नसतं. मंग तो तसाच झोपला भाव येईस्तोवर." हे मी वर्गात वाचून दाखवलं तर वर्ग गप्प झाला. प्रत्येकाच्या घरी चाळ होती आणि प्रत्येकाने नासलेला कांदा निवडला होता. पुढच्या आठवड्यात तो स्वतः तीन ओळी लिहून घेऊन आला.

सईची आई

सर, कांद्याची गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली, तोही लासलगावकडचा, बराच वेळ काही बोललाच नाही.

एक विचारू का, आमच्या बाईसाहेबांचं पहिलं वाक्यच "मला काही सुचत नाही". तिथे काय करायचं?

कोपऱ्यातली खिडकी

सईची आई, यावर आमच्याकडे एक उपाय चांगला लागू पडलाय. जानी रोदारी म्हणून इटलीतले मुलांचे लेखक होते, १९७० साली त्यांना हान्स अँडरसन पुरस्कार मिळाला होता, त्यांची युक्ती आहे ही. दोन शब्द घ्यायचे, पण एकमेकांपासून लांबचे. मांजर आणि दूध घेतलं तर काहीच होत नाही, मांजर दूध पिणार, संपलं. पण मांजर आणि लिफ्ट घ्या.

मी बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून ठेवल्यात, चिठ्ठ्या पोरांनीच लिहिल्या, दिसेल ती वस्तू लिहायची असं सांगितलं होतं त्यामुळे इस्त्री, झुरळ, ओटीपी, मावशी, कुकरची शिट्टी, असं वाट्टेल ते आहे. दोन चिठ्ठ्या काढायच्या. आणि मग रोदारींनी सांगितलेलं खरं काम, दोन शब्द वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून बघायचे. हे मराठीत करताना माझ्या लक्षात आलं की अरे, ही तर आपली विभक्ती! मांजराची लिफ्ट. लिफ्टमधलं मांजर. मांजरासाठी लिफ्ट. लिफ्टने मांजराला. मांजर लिफ्टवर. प्रत्येक प्रत्ययाला एक वेगळी गोष्ट निघते. 'लिफ्टमधलं मांजर' म्हटलं की ते अडकलेलं असतं, 'मांजराची लिफ्ट' म्हटलं की ते मालक असतं आणि माणसांना जिने चढायला लावतं. शाळेत स-ला-ते स-ला-ना-ते घोकताना मला कधी वाटलं नव्हतं की याच्यात इतकं काही आहे. मुलगा चौथीत आहे, तो आता जेवतानासुद्धा पोळी आणि बस, पोळीची बस, बसमधली पोळी असं करत बसतो.

सुचत नाही म्हणणाऱ्या मुलाला "काहीही लिही" म्हणू नका एवढंच सांगेन. काहीही म्हटलं की काहीच येत नाही. दोन शब्द दिले की हाताला काहीतरी लागतं.

बाराखडी

सगळं छान आहे पण मला थोडं वेगळं म्हणायचंय, कृपया राग मानू नये. 'मंग' लिहायचं, चुका तशाच ठेवायच्या, हे ऐकायला बरं वाटतं. माझा मोठा आता पाचवीत आहे, शिष्यवृत्तीला बसलाय. त्याला तिसरीपर्यंत कोणी टोकलं नाही, मीही नाही, कारण मीही असंच वाचलं होतं की सृजनशीलता मारायची नाही. आता 'आणि' ला 'आनी' लिहितो आणि त्याला ते बरोबरच दिसतं. एकदा बसलेली सवय मोडायला आम्ही दोघं रोज झगडतोय. माझ्या आईने माझ्या चुका काढल्या म्हणून माझं मराठी चांगलं झालं असं मी मानते. शुद्धलेखन म्हणजे शत्रू नाही.

गोदाकाठ

राग कसला ताई, तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे आणि थोडी चूक माझ्या लिहिण्याची झाली. 'मंग' मी लिहितो, मुलगा नाही. मी त्याचं बोलणं उतरवतोय, तिथे तो बोलतो तसाच दिसला पाहिजे. तो स्वतः लिहितो तेव्हाची गोष्ट वेगळी.

शुद्धलेखन शिकवायचंच. पण त्याच वहीत, त्याच वेळी नाही. मी असं करायचो की गोष्टीच्या वहीत लाल पेन कधीच नाही, पण पोराने चार ठिकाणी 'आनी' केलं असेल तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर ण चे शब्द: पाणी, लोणी, आणि, राणी, कोणी. सगळ्या वर्गाने लिहायचे. त्या पोराला कळतही नाही की हे त्याच्यासाठी होतं. आठवड्याला एकच चूक धरायची. ण झाला की मग दुसरी वेलांटी. एका पानावर चौदा लाल खुणा दिसल्या तर मोठा माणूससुद्धा कागद चुरगाळेल.

आणि दुसरं, पोराला खराखुरा वाचक मिळाला की ते स्वतःहून विचारतं, सर हे बरोबर आहे का. वाचक पाहिजे. परीक्षक नको.

बाराखडी

एका वेळी एक चूक हे पटलं, करून बघते. पण पाचवीत एवढा वेळ मिळत नाही हो सर, हेही खरं.

पिंपळपार

आमच्या अमरावतीकडे आजी गोष्ट सांगायची तर आधी हुंकार द्यायला लावायची. "हं" म्हटलं नाही तर गोष्ट थांबायची. मी आता उलटं करतो, लेकरू सांगतं आणि मी हं म्हणतो. फक्त हं. मध्ये काही म्हटलं नाही की ते पुढे पुढे जात राहतं हे मला फार उशिरा समजलं.

माझा अनुभव असा की नवीन गोष्टीपेक्षा जुनी गोष्ट उलटी करायला दिली तर लवकर जमते. चिऊ-काऊची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं. मुलगा दुसरीत आहे, त्याने एक दिवस विचारलं, बाबा, चिमणीनं दार काहून नाही उघडलं? बाळाला अंघोळ घालायला इतका वेळ लागतो का? मी म्हटलं कावळ्यालाच विचार. तर त्याने कावळ्याकडून सांगितलं सगळं. कावळा भिजत दारात उभा आहे आणि आतून पावडरचा वास येतोय. तो म्हणतो, "मले पण माय होती, ती पण मले पावडर लावे." मी ऑफिसातून थकून आलो होतो, मी उठून त्याला जवळ घेतलं.

आटपाट नगर होतं इथून सुरुवात करून द्यायची आणि साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण म्हणून शेवट, एवढं दोन टोकांना बांधून दिलं की मधलं ते आपोआप विणतं. तात्पर्याची गरजच राहात नाही, कहाण्या तात्पर्याशिवायच संपतात.

सातासमुद्रापार

आम्ही मेलबर्नला, मुलगी आठ वर्षांची. इथे रविवारच्या मराठी शाळेत जाते, देवनागरी वाचते पण लिहायला फार वेळ लागतो, बोलताना निम्मे शब्द इंग्रजी. लिहायला बसवलं की आम्ही दोघी रडकुंडीला यायचो. मग माझ्या आईने तोडगा काढला, ती सांगलीला असते. मुलगी झोपायच्या आधी फोनवर आवाज रेकॉर्ड करून आजीला गोष्ट पाठवते, आई दुपारी जेवण झालं की ऐकून वहीत लिहून काढते, आपल्या ठसठशीत अक्षरात, आणि पानाचा फोटो पाठवते. सकाळी उठल्यावर ही ते पान वाचते. स्वतःची गोष्ट असल्यामुळे अडखळत का होईना पूर्ण वाचते, पुस्तक वाचायला मात्र अजून कुरकुर करते.

आणि आई इंग्रजी शब्द खोडत नाही, ती समास सोडते आणि तिथे लिहिते, "आमच्याकडे याला चिखल म्हणतात, तुला कोणता शब्द हवा?" दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये चिखल येतो. वरती सर म्हणाले ते गणपतीचं काम आमच्याकडे आई करतेय हे आज कळलं. वडील गेल्यापासून तिच्या दुपारी फार लांब झाल्या होत्या, तिलाही आता वाट बघायला काहीतरी आहे.

कोपऱ्यातली खिडकी

सातासमुद्रापार, त्या वह्या जपून ठेवा गं.

वाचनमात्र

सरांनी वाचकाचा मुद्दा काढला म्हणून लिहिते. आपल्याकडे शाळेत हस्तलिखित काढायची किती जुनी पद्धत आहे, भिंतीला लागून टेबलावर ठेवलेलं असायचं, मुखपृष्ठावर पाण्याच्या रंगातली सरस्वती. १९०९ साली मनोरंजन मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी म्हणजे फराळ आणि अंक हे आपल्या रक्तात आहे. मग घरचा दिवाळी अंक का नाही? आम्ही गेली तीन वर्षं काढतोय. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडायचे, सुईदोऱ्याने मध्ये तीन टाके, झाली सोळा पानं. बिल्डिंगमधली पाच मुलं आहेत. संपादक दरवर्षी बदलतो. जाहिरातीसुद्धा असतात, त्या मुलांना सगळ्यात जास्त आवडतात, "चौथ्या मजल्यावरच्या आजींचे बेसनाचे लाडू, एकदा खाल तर परत वर याल".

बाराखडी, तुमच्यासाठी मुद्दाम सांगते, अंकात जायच्या आधी पक्की प्रत करायची असते तेव्हा पोरं स्वतः विचारायला येतात, काकू 'दिवाळी' पहिली वि का दुसरी वी? कारण ते छापल्यासारखं राहणार असतं आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी वाचणार असतात. त्या आजी रिटायर्ड मुख्याध्यापिका आहेत, त्यांना मी आधीच हात जोडून सांगितलंय की फक्त आवडलेलं वाक्य अधोरेखित करायचं, चूक दाखवायची नाही. त्यांना ते पहिल्या वर्षी फार कठीण गेलं.

वाचायला काय द्यायचं असं कोणी विचारेल म्हणून, बालभारतीचं किशोर १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. आम्ही रात्री एक गोष्ट मोठ्याने वाचतो, शेवटचा परिच्छेद राखून ठेवतो आणि विचारतो पुढे काय झालं असेल. मुलांचा शेवट खूपदा जास्त चांगला असतो.

गोदाकाठ

वाचनमात्र, आजींना माझा नमस्कार सांगा, मी त्यांचं दुःख जाणतो.

अजून एक आठवलं म्हणून लिहितो. वेळ ठरवून टेबलाशी बसवू नका. डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. मूल जिथे आहे तिथे जायचं. तुमच्या मुलीची गोष्ट मेथी निवडताना आली ना, मग वही स्वयंपाकघरात ठेवा. वहीला हळद लागली तरी चालेल.

तळ्यातमळ्यात

सगळ्यांचे खूप खूप आभार, बारा दिवसांनी येतेय, कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं.

वही ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवली. चार दिवस काहीच झालं नाही, मी पण विषय काढला नाही (जीव जात होता). पाचव्या दिवशी आम्ही दादरहून लोकलने परत येत होतो, बसायला जागा नव्हती, ही वरच्या कड्यांकडे बघत होती. घरी आल्यावर मी कुकर लावत होते तर म्हणाली, आई, लिहून घेतेस का. मी गॅस बंद केला आणि बसले. ती बोलली तसं देतेय:

"एक कडी होती. ती डोंबिवली लोकलमध्ये लटकायची. तिला रोज नवीन हात मिळायचा. कधी मेंदीवाला हात यायचा, कधी घामाचा, कधी हातात पिशवी असलेला. एक हात रोज यायचा आठ बावन्नला. त्याला हळदीचा वास यायचा. कडीला तो आवडायचा. मग तो यायचा बंद झाला. कडीने शेजारच्या कडीला विचारलं तर ती म्हणाली मला काय माहीत, माझ्याकडे दुसरे हात आहेत. रात्री गाडी कारशेडमध्ये गेली की सगळ्या कड्या नुसत्या हलायच्या. आपल्याला कोणी धरलं नाही तरी आपण का हलतो, असं कडीने विचारलं."

इथे थांबली. मी पेन खाली ठेवलं नाही. खूप मनात आलं की सांगावं, मग तो हात परत येतो, असं कर. जीभ चावून गप्प बसले. बराच वेळ ती नुसती पाय हलवत बसली होती. मग म्हणाली, पुढचं मी लिहिते, दे. आणि स्वतःच्या हाताने लिहिलं:

"मग ऐक दीवस ऐक लहान हात आला. तो कडी परयंत पोचत न्हवता. त्याला बाबांनी ऊचललं. त्या हाताला पन हळदीचा वास होता."

तात्पर्य नाही! मी तीनदा वाचलं. माझ्या हाताचा वास घेऊन बघितला, त्याला हळदीचा होताच.

बाराखडी, तुमची आठवण झाली. 'पर्यंत'चा रफार पुढच्या आठवड्यात शब्दांच्या पाटीवर घेणार आहे, मार्ग, सूर्य, पर्यंत, गर्विष्ठ. गोष्टीच्या वहीत हात लावला नाही. आता ती ही गोष्ट शाळेत बाईंना दाखवायची म्हणतेय आणि मला धाकधूक वाटतेय, त्या लाल पेन काढतील. जाऊ देऊ का?

वाचनमात्र

अंगावर काटा आला. पाठवा, पण पक्की प्रत करून. तिलाच करू दे.

बाराखडी

लहान हाताशी डोळ्यात पाणी आलं. रफार नंतर घ्या. बाईंना आधी एक ओळ लिहून पाठवा ना, की ही तिने स्वतः रचलेली गोष्ट आहे, वाचून कशी वाटली तेवढं तिला सांगा. मी मुलाच्या वर्गशिक्षकांना असंच एकदा लिहिलं होतं, त्यांनी ऐकलं.

गोदाकाठ

जाऊ द्या. तिची आहे, तिला ठरवू द्या. मला एकच विचारायचंय, त्या कडीला नाव काय ठेवलंय तिने?

तळ्यातमळ्यात

विचारलं सर. म्हणाली अजून ठरलं नाही, उद्या शाळेतून आल्यावर सांगते, आणि त्या काकांना सांग की शेजारच्या कडीची पण गोष्ट आहे.